रंग न धरलेली जागा

हे मी बायकांसाठी लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तर माझी हरकत नाही, पण मग मध्येच लाजून उठून जायचं नाही. आजारात जी लाज आम्ही धरतो तिनं आमच्या घरातली एक बाई खाल्ली आहे, म्हणून मी ठरवलंय की जे झालं ते झालं तसं सांगायचं.

लिहायला बसले की सासूबाई दारात तांदूळ निवडत बसतात आणि थोड्या थोड्या वेळानं विचारतात, "माहं नाव टाकलं का व त्याच्यात?" टाकलं आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणते, आणि त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येणार नाही.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगलाच्या कडेला. घरचं धान, घरचं तळं, दोन बैल आणि तोंडाळ सून म्हणून प्रसिद्ध असलेली मी, चंद्रभागा. चौथीपर्यंत शिकलेली. बाजारात वांगं घेतानाही वांग्याचा जन्म कुठे झाला ते विचारून घेणारी. नवरा म्हणतो, तुझ्यासोबत बाजाराला गेलं की दिवस जातो. जाऊ दे.

डाग

त्या वर्षी पाळी नसतानाही लुगड्याला लाल दिसू लागलं. नवऱ्याजवळ गेलं की हमखास. दुखत काहीच नव्हतं. पांढरं तर आधीपासून जात होतं, पण त्याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. पोरं झाली, कामं केली, की ते जायचंच असं धरून चालतात.

मी मात्र त्या लाल डागानं हबकले. कारण माझी थोरली जाऊ, अनसूया, हिचंही असंच सुरू झालं होतं. तळ्यावर कपडे धुताना तिनं मला एकटीलाच सांगितलं आणि शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही. मी बोलले नाही. घरच्यांना कळलं तेव्हा तिच्या अंगाचा वासच सांगू लागला होता. मूलच्या डॉक्टरांनी हात टेकले. ती मागच्या खोलीत खाटेवर पडून राहिली आणि पुढच्या चैतात गेली. तिचं शेवटपर्यंत मीच केलं. केवढीशी झाली होती ती! उचलताना वजनच लागत नसे.

म्हणून मी डाग पाहिला तेव्हा मला एकच प्रश्न होता. हे तेच आहे का? असेल तर अजून वेळ आहे का? माझी शांता तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होती. मला तिचं लग्न पाहायचं होतं. खरं सांगायचं तर लग्नाचं निमित्त, मला जगायचं होतं.

घरातला तंटा

दिवाळी उलटलेली, धान कापणीला आलेलं. मी चुलीपुढे सगळ्यांसमोर सांगितलं की मला चांद्याला जायचं आहे. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. तिथल्या इस्पितळात परदेशातून शिकून आलेली एक डॉक्टरबाई बायकांना तपासते, हे मी बाजारात ऐकून आले होते.

"कापनी होऊ दे, मंग जाऊ," नवरा म्हणाला.

"कापनीले मानसं भेटतीन. मी गेली तर शांतीले माय कुठून आनसान?"

"असं काय झालं तुले?"

मी सांगितलं. अनसूयाला काय झालं होतं तेही सांगितलं, तळ्यावरच्या शपथेसकट. नवऱ्याचा हात ताटातच राहिला. आत्याबाई पदर सावरत चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बाईच्या जातीला हे असतंच. पण त्या म्हणाल्या, "जाचंच हाये तर उद्याच जाऊ. मी बी येतो. तिथी तुह्यं रांधन कोन?"

मी थक्क झाले. भांडायची सगळी तयारी वाया गेली.

इस्पितळ

नवरा, आत्याबाई आणि मी, तिघं निघालो. मूलपर्यंत बैलगाडी, पुढे छोटी रेल्वे. शांता शेजारच्या काकूंकडे. इस्पितळात बायकांची एक लांब खोली होती, लोखंडी खाटा, फिनाइलचा वास, आणि मागे अंगण. त्या अंगणात प्रत्येकीच्या घरचं माणूस तीन दगड मांडून स्वयंपाक करायचं. सकाळी नर्सबाई तापमापक तोंडात घालून जायच्या आणि ते काढेपर्यंत बोलायचं नाही. माझ्यासाठी दिवसातली सर्वांत अवघड वेळ तीच.

शेजारच्या खाटेवर हमीदाबी होती, चांद्यातल्याच बांगडीवाल्याची बायको. तिचंही पांढरं जात होतं, ती तपासून घ्यायला आली होती. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातातल्या बांगड्या पाहून नाक मुरडलं. "ये किसने पहनाये? एक हात में ढीले, एक में तंग. तू अच्छी हो जा, मैं तेरेकू नये भरती." मला तिचं हे "अच्छी हो जा" फार आवडलं. जणू ते ठरलेलंच आहे, फक्त बांगड्यांचा प्रश्न बाकी आहे.

डॉक्टरबाई उंच, बारीक, चष्मेवाल्या. पहिल्या दिवशी नुसतं बोलल्या. काय होतं, कधी होतं, घरात कोणाला झालं होतं. अनसूयाचं मी सगळं सांगितलं, वासासकट. त्यांनी घाई केली नाही.

मग त्यांनी मला ते यंत्र दाखवलं. एका उभ्या दांड्यावर बसवलेली दोन डोळ्यांची दुर्बीण, बाजूला दिवा. म्हणाल्या, "हे तुमच्या अंगाला लागणार नाही. लांबूनच पाहायचं. गर्भपिशवीचं तोंड मोठं होऊन दिसतं, म्हणजे डोळ्याला जे दिसत नाही ते कळतं."

"मले पाहू द्या," मी म्हटलं.

त्या हसल्या. माझं बोट दिव्याखाली धरलं आणि मला डोळे लावायला सांगितले. माझ्याच बोटावरच्या रेघा, नांगरलेल्या वावरासारख्या! गवत कापताना पडलेली चीर ओढ्याएवढी दिसत होती. त्या दिवसापासून मला त्या यंत्राची भीती राहिली नाही. जी वस्तू बोट एवढं खरं दाखवते ती बाकीचंही खरंच सांगेल.

पुढचं त्यांनी सोपं करून सांगितलं. आत आयोडीन लावायचं, खरचटल्यावर लावतात तेच तपकिरी औषध. निरोगी कातडी ते पिऊन घेते आणि गडद होते. बिघडायला लागलेली जागा रंग धरत नाही, फिकीच राहते. ती फिकी जागा शोधायची आणि तिचा फोटो काढायचा, म्हणजे पुढे ती वाढते की नाही ते ताडून पाहता येतं.

फोटो म्हटल्याबरोबर दारात उभ्या असलेल्या आत्याबाई आत आल्या.

"फोटो? कायचा फोटो?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं.

"अन तो धुतो कोन? बाजारातला फोटोवाला?"

"नाही, मीच धुते. इथंच, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत."

आत्याबाईंनी जरा विचार केला. "त्याच्यात तोंड तं नाई न येत इचं?"

"तोंड नाही येत."

"मंग काढा," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड नाई तं कोनाचं हाये ते कोनाले समजते!"

नर्सबाई हसू आवरत बाहेर गेल्या. मला मात्र हायसं वाटलं. घरी परत गेल्यावर या फोटोवरून तंटा होणार नाही, हे तिथेच नक्की झालं.

सगळं काळं

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. सांगण्यासारखं एवढंच की दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं, आणि छताकडे पाहत राहावं लागतं. डॉक्टरबाई दिव्यावर हिरवी काच लावून बराच वेळ पाहत होत्या. मग कॅमेऱ्याचा आवाज झाला. शेवटी नर्सबाईंनी कापडाची घडी दिली, औषध गळेल म्हणून.

माझ्यानंतर हमीदाबी. दुपारी आम्ही दोघी नळावर आपापली कापडं धुवायला बसलो. तिच्या कापडावर तपकिरी डाग होता, पानातला कात सांडावा तसा. माझ्या कापडावर निळा. नुसता निळा नाही, गडद, निळीच्या पाण्यात बुडवल्यासारखा.

"अय्यो," हमीदाबी म्हणाली, "तेरेकू अलग दवा लगाये क्या?"

"लावलं असन," मी म्हटलं आणि कापड पिळून वाळत घातलं. डाग पुरता निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई फोटो घेऊनच आल्या. हाताच्या पंजाएवढा कागद, मधोमध एक गोल, आणि तो सगळा काळा. त्या म्हणाल्या, "फिकी जागा कुठेच नाही. सूज आहे, तिचं औषध देते. घरी जा, सहा महिन्यांनी दाखवायला या."

मी तो कागद हातात घेऊन बसले. इतकं सुंदर काळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं लगेच बोचकं बांधायला घेतलं, तो कापणीच्याच विचारात होता. आत्याबाईंनी अंगणात दगड बाजूला करून राख झाडून काढली आणि उरलेला गूळ खाटाखाटांवर वाटला. हमीदाबीला अजून राहायचं होतं, तिच्या फोटोत एक लहानशी फिकी जागा निघाली होती. ती माझ्यासाठी खुश होती आणि स्वतःसाठी रडत होती, दोन्ही एकदमच.

कापडं आवरताना माझं ते कापड दोरीवरून काढलं. निळा डाग तसाच. मला तो आवडला नाही. तसं त्यात वाईट काय ते कळत नव्हतं, पण हमीदाबीचं आणि माझं औषध एकाच बाटलीतलं होतं, मी नर्सबाईंना विचारून घेतलं होतं. मग रंग दोन कसे? वांग्याचा जन्म विचारणारी बाई मी. ते विचारल्याशिवाय गाडीत बसणं मला जमणार नव्हतं.

"गाडी सुटन आता," नवरा म्हणाला. "काऊन मागं फिरून राह्यली?"

"सुटू दे."

डॉक्टरबाई बाहेर निघाल्या होत्या. मी कापड त्यांच्यापुढे धरलं. "डॉक्टरबाई, हमीदाबीचा डाग कातासारका, माहा निळीसारका. काऊन?"

त्यांनी कापड हातात घेतलं, खिडकीशी नेलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग हळूच विचारलं, "काल तपासणीच्या आधी आत काही लावलं होतं का? पीठ, लेप, काही?"

मी सांगायच्या आधी आत्याबाई पुढे झाल्या. मान ताठ करून म्हणाल्या, "मीच देल्ली होती. भाताची घट्ट पेज. कापडाची वळी भिजवून ठेवाले लावली, मंग काढून टाकाले लावली. एवढ्या मोठ्या डॉक्टरासमोर तसंच जाते का कोनी? आमच्याकडं पांढऱ्यावर तांदळाचं धुवन अन पेजच देतात."

खरं होतं. धानाच्या मुलखातली आमची रीत ती. कोणाकडे जाताना पाय धुतो, तशी मी आतून स्वच्छ होऊन गेले होते.

डॉक्टरबाईंनी अंगणातून कोणाच्या तरी पातेलीतली दोन शितं मागवली, बशीत ठेवली आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. शितं बघता बघता निळीकाळी झाली. आम्ही सगळे त्या बशीभोवती उभे होतो.

"भाताला आयोडीन लागलं की असंच होतं," त्या म्हणाल्या. "मी शाळेत शिकले आहे हे. हिरव्या काचेतून तपकिरी काय, निळं काय, मला नुसतं काळं दिसलं, आणि फोटोतही काळंच आलं. मी पेजेचा फोटो काढला, चंद्रभागाबाई. खाली काय आहे ते मी पाहिलेलंच नाही. तुम्ही आज गेला असता तर..."

पुढचं मला कळलं. डॉक्टरनं आपली चूक अशी सरळ माणसांसमोर सांगितलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि त्याच घडीला माझा त्या बाईवर पुरता विश्वास बसला.

आत्याबाई मात्र जमिनीकडे पाहत होत्या. "माह्यानं झालं," एवढंच म्हणाल्या.

"तुमच्यानं काऊन?" मी म्हटलं. "चांगल्यासाठीच केलं न?" मी एरवी आत्याबाईंना सहजासहजी सोडणारी नाही. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

दुसरा फोटो

दोन दिवस नुसत्या कोमट पाण्यानं धुतलं आणि पुन्हा तपासणी झाली. या वेळी आधी साध्या दिव्यात, हिरवी काच बाजूला ठेवून. कापडावर डाग कातासारखा पडला, तो मी सगळ्यात आधी पाहिला.

आणि फोटोत ती जागा होती. काळ्या गोलात वरच्या अंगाला एक फिकट पट्टा, कडा वेड्यावाकड्या. डॉक्टरबाईंनी काही न लपवता तो बोटानं दाखवला. मी विचारलं, "हे तेच हाये का?"

"अजून सांगता येत नाही. तिथलाच कणभर तुकडा काढून नागपूरला पाठवते. पण जागा लहान आहे आणि तिच्या कडा दिसताहेत. कडा दिसतात म्हणजे कुठून कुठपर्यंत कापायचं ते मला माहीत आहे."

नागपूरहून उत्तर यायला जे दिवस गेले ते मी कसे काढले हे विचारू नका. नवऱ्याला मी कापणीला पाठवून दिलं. तो जायला तयार नव्हता, फाटकाशी उभा राहून रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं. त्याला म्हटलं, "जाजो. धान भिजलं तर तुह्याशी बोलनार नाई." तो गेला, आणि तीन दिवसांनी धान गावकऱ्यांवर सोपवून परत आला.

भीती वाटायची ती सकाळी, डोळे उघडताना. आधी काही आठवत नसे, मग एकदम सगळं आठवे. तेव्हा हमीदाबी आपल्या खाटेवरून म्हणायची, "उठ गई क्या? चल, चाय." तिचं उत्तर माझ्या आधी आलं, साधी सूज. तरी ती घरी जाईना. नवऱ्याला सांगून आली, चंद्रभागाचं कळेपर्यंत थांबते.

मग उत्तर आलं. डॉक्टरबाई स्वतः खाटेवर बसल्या. कर्करोग झालेला नव्हता. होण्याच्या वाटेला लागला होता. त्या म्हणाल्या, "दाराशी आला आहे, घरात नाही. पिशवी काढायची गरज नाही. तेवढंच तोंड कापून काढते."

ऑपरेशनच्या दिवशी कमरेत सुई दिली आणि अर्धं अंग मेल्यासारखं झालं. मी जागीच होते, बोलतही होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चंद्रभागाबाई, थोडा वेळ गप्प राहाल का?" मी राहिले. नंतर एका दुपारी रक्त जास्त गेलं, आत कापड ठासून भरलं, आणि त्या दुपारी मी देवाजवळ बरंच काही कबूल केलं. ते सगळं नंतर फेडलं. आठवडा उलटला तशी मी उठून अंगणात गेले, आणि आत्याबाईंच्या भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "झाली बरी."

हमीदाबीनं दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या चढवल्या, नेमक्या बसणाऱ्या.

माझ्यासारख्यांना

एवढंच सांगते. तपासायला जाताना आत काही लावू नका, पेज नको, हळद नको, कोणाच्या मुळीचा लेप नको. लावलं असेल तर सांगून टाका, कोणी रागावत नाही. आणि काही वेगळं दिसलं तर विचारा. गाडी दुसरी येते.

वर्षानंतर

पुढच्या थंडीत मी आणि आत्याबाई पुन्हा चांद्याला गेलो. त्याआधीही दोनदा दाखवून झालं होतं, पण डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की वर्षाचा फोटो खरा. त्यांनी तो अंधाऱ्या खोलीतून ओला असतानाच आणला. सगळा गोल एकसारखा गडद, आणि या वेळी त्यांनी साध्या दिव्यात तपकिरी रंगही पाहिला होता.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बऱ्या झालात."

मी तिथेच बसून रडले. अनसूयासाठी रडले, स्वतःसाठी रडले, आणि मग इतका आनंद झाला की काय करावं कळेना. डॉक्टरबाईंचे हात धरले. त्या ओल्या फोटोचं पाणी माझ्या पदरावर गळत होतं.

बाहेर आले तर आत्याबाई बाकावर बसलेल्या. मी सांगितलं, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मग बसूनच राहिल्या.

"चला न आत्याबाई, गाडी हाये."

"तू हो पुढं."

"काऊन?"

त्या इकडेतिकडे पाहू लागल्या. बाकावर दुसरं कोणी नव्हतं, तरी आवाज बारीक केला. "मले बी लाल येते व. पाळी जाऊन कितीक वर्सं झाली, तरी येते."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "कवापासून?"

"अनसूया होती तवापासून."

"अन सांगितलं काऊन नाई?"

"घरात एक खाट पडली होती. दुसरी कोन उचलन? अन मंग तुह्यं निघालं. म्हटलं, आधी तुह्यं होऊ दे."

मला इतका राग आला की मी त्या इस्पितळाच्या ओट्यावर मोठ्यानं बोलले, नर्सबाई डोकावून गेल्या तरी थांबले नाही. वर्षभर, दोन वर्षं, ही बाई माझ्यासाठी रांधत होती, माझ्या उशाशी बसत होती, आणि रोज स्वतःचं लुगडं चोरून धूत होती. बोलता बोलता मला पुन्हा रडू आलं. मग मी त्यांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

डॉक्टरबाई हातमोजे काढत होत्या. आमच्याकडे पाहून त्यांनी ते पुन्हा चढवले. मी काही सांगायची गरज पडली नाही. आत्याबाई स्वतःच टेबलावर चढल्या, आडव्या झाल्या, पदर तोंडावर ओढला आणि आतून म्हणाल्या, "पाहा बाई. चांगलं पाहा."